गवयांची बालवाडी

तीन वर्षांच्या पोराला मांडी घालून बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि नुसता सा लावायला सांगायचं, असा एक गवई मी या डोळ्यांनी पाहिलाय. पोर उठून पळालं. तेव्हा हा मला विचारतो, "याला संगीताची आवड दिसत नाही?" अरे बाबा, तुझ्यात तरी शिल्लक आहे का ती, ते आधी बघ की! असं मी त्याला तोंडावर म्हटलं, आणि पुढच्या शनिवारपासून तो यायचा बंद झाला.

माझं माहेर बेळगावचं, सासर बेंगळुरातल्या चामराजपेटेतलं. सासरची माणसं इथं इतक्या पिढ्या राहिलीत की त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आहे. सासूबाई "स्वल्प मीठ घाल गं" म्हणायच्या आणि मला त्यात काही खटकायचं नाही, कारण बेळगावातही आम्ही दोन्ही भाषा एकाच तोंडात घेऊन वाढलो. गाणं मी शिकले, थोडं गायले, पुष्कळ शिकवलं. मोठी गायिका काही झाले नाही. त्याचं आता काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, वाटतं, पण ते रडगाणं इथं नको.

तर काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं मला बोलावलं. शहरात जिकडं तिकडं छोट्यांच्या शाळा निघाल्या होत्या आणि प्रत्येकीला गाण्याचा मास्तर हवा होता. गाणारे-वाजवणारे पुष्कळ, पण लहान मुलांना शिकवायचं म्हटलं की सगळ्यांची दांडी गुल. या लोकांना मुलांपुढं उभं राहायला शिकवायचं, हे माझं काम. आमच्या घरापासून जवळच एका छापखान्याच्या माडीवर दर शनिवारी वर्ग भरायचा. खाली यंत्राची खडखड, वर आमची.

यायचे कोण, तर देवळात व्हायोलिन वाजवणारे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर बसणारे, तबलजी, आणि माझ्यासारखे अर्धेमुर्धे गवई. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच सांगायचे, एक साधं बडबडगीत म्हणून दाखवा. देवाशप्पथ, सरळ म्हणणारा एक मिळाला नाही. मनीमाऊच्या गाण्यालाही आधी आलाप, मग मध्ये एक तान, मग आमच्याकडं बघून मान डोलावणं. आणि शिकवायला लावलं की प्रत्येकाच्या तोंडून त्याचा स्वतःचा गुरू बोलायचा. "चूक! परत!" मार खाऊन शिकलेली माणसं ती. आपल्याला जे झालं तेच विद्या देणं, असं मनात पक्कं बसलेलं. मी घसा फोडून सांगायचे, अहो, मूल चुकत नाही, मूल गातंय. ते माना हलवायचे आणि सोमवारी शाळेत जाऊन पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. कित्येक शनिवारी मी जिना उतरताना ठरवायचे, आता पुरे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा चढायचे.

त्यांतच तो आला. अथणीच्या बाजूचा, घरात मराठी, शाळा कन्नड, म्हणजे अगदी आमच्यापैकी. मिरजेच्या एका बुवांकडं कितीतरी वर्षं राहून शिकलेला. आवाज असा की पहिल्यांदा त्यानं तोंड उघडलं तेव्हा खालच्या छापखान्यातली दोन माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. तिशीचा असेल. होसकोट्याला एका कारखान्यात पाळीवर काम करायचा, यंत्राचे सुटे भाग बनायचे तिथं. मी विचारलं, एवढं गाणं येतंय, मग इकडं पोरांत कशाला येतोस? तर म्हणाला, "अक्का, कारखान्यात आम्हाला कानात बोळे घालून उभं राहायला लागतंय. घरी आलो तरी ती घरघर कानातच असतीय. तंबोरा लावायला बसलो तर सा कुठला ते कळत नाही. असं अजून दोन वर्षं गेलं तर माझं गाणं जाणार. पोरांना शिकवायची नोकरी मिळाली तर दिवसभर गाण्यात तरी राहीन. मला मोठं काही नको."

एवढंच होतं त्याचं. बैठका नकोत, नाव नको. गाणं जाऊ नये. त्याची तळमळ मला पोचली, आणि मी ते लपवायला त्याला ओरडले, "मग शिक की नीट! इथं तान मारलीस तर माडीवरून खाली ढकलीन."

आणि शिकला हो. बाकीचे जे महिनोन् महिने करत नव्हते ते त्यानं केलं, आणि त्यातलं सगळ्यात कठीण म्हणजे पट्टी सोडली. बाहेरच्या माणसाला सांगते, पट्टी म्हणजे गवयाचा सा कुठल्या उंचीवर बसतो ते. बुवांनी गळा पारखून दिलेली पट्टी गवई जन्मभर बदलत नाही. याची पट्टी चांगली खालची, भरदार. तो गायला लागला की मुलं त्याच्या मागं खाली उतरायला जायची आणि नुसती गुरगुरायची. मी म्हटलं, तुला वर जायला लागेल, बायकांच्या उंचीवर, बारीक आवाज काढून. त्याचा चेहरा पडला. बुवांना कळलं तर, म्हणाला. पण पुढच्या शनिवारी आला आणि तसलं बारीक, सरळ, हरकती-मुरक्या नसलेलं गाणं म्हणून दाखवलं. तबलजी तोंड दाबून हसला. हा लाल झाला, पण थांबला नाही. मला तेव्हा त्याचा असा अभिमान वाटला, की काय सांगू.

हेब्बाळच्या एका शाळेत त्याला घेतलं. कंपन्यांच्या मोठाल्या इमारतींच्या मागं ती शाळा, काचेची, आत सगळं रंगीत, गच्चीवरून तळं दिसतं. कायम नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघू म्हणाले. वर्षाअखेरीला पालक येतात, तेव्हा मुलं गायली तर जूनपासून कायम. मी त्याला बजावलं होतं, कारखाना लगेच सोडू नकोस. पण ऐकतो कसला! सांगायला आला तेव्हा सोडून मोकळा झाला होता. "दोन्ही कसं जमेल अक्का? तिकडं कानात बोळे आणि इकडं पोरं?" तेही खरंच होतं.

शाळेचा एक नियम होता. गाण्याचा तास कन्नडमध्ये. वर्गात देशभरातली मुलं, आईबाप कंपन्यांत, घरी जो तो आपापली भाषा बोलणार. शाळेला दाखवायचं होतं की आम्ही मुलांना इथली भाषाही शिकवतो. मला तो नियम चांगलाच वाटला. मास्तरांनी दुसरी कुठली भाषा तोंडातून काढायची नाही, इंग्रजी किंवा कन्नड, बस्स. याला काय, कन्नड तोंडचं. खूश होता.

रोज सकाळी मुलांना गोल करून बसवायचा. आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "एल्लरू हाडि", म्हणजे सगळे गा. मग एकेकाला. एकेकाला म्हणताना हात पुढं करायचा आणि म्हणायचा, "हाडु." म्हणजे गा. हात पुढं फेकायची ती सवय बुवांची. बुवा शिष्याला असाच हात करून सांगायचे, सोड आवाज, जाऊ दे पुढं. मार, ओरडा, चूक-परत हे सगळं यानं सोडलं होतं. तो एक हात तेवढा राहिला होता.

मुलं गायची. खरंच गायची, बेसूर, मोठ्यानं, अंगात आल्यासारखी. एक मुलगी सोडून. चार-साडेचार वर्षांची, दोन शेंड्या, नवीनच आलेली. सगळ्यांबरोबर म्हणताना ओठ हलायचे, पण तिच्याकडं वळून "हाडु" म्हटलं की मागं सरकायची. एकदा कान झाकले. एकदा जाऊन टेबलाखाली बसली. शनिवारी मला सांगताना त्याचा जीव थोडा थोडा व्हायचा. "अक्का, माझ्या आवाजाला भितीय काय ती? एवढा बारीक काढतोय तरी?" मी म्हटलं, सोड तिला, येईल आपली आपण. पण त्याच्यानं सोडवेना. एकही पोर आपल्या गोलाच्या बाहेर राहायला नको, असं त्यानं मनावर घेतलं. मग त्यानं काय करावं? रोज सगळ्यात आधी तिलाच विचारायला लागला. तिला मान म्हणून. जवळ जाऊन, गुडघ्यावर बसून, हसून, हात पुढं करून, रोज.

मी एकदा वर्ग बघायला गेले होते. मागं भिंतीला टेकून बसले. त्यानं तिच्यासमोर बसून तो शब्द म्हटला. तिनं खाली बघितलं, डोळे भरले. त्यानं आणखी हळू, आणखी गोड म्हटलं. मी तिथं दोन कान शाबूत घेऊन बसले होते आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

मग एक दिवस शाळेतून फोन. शाळेची मुख्य बाई, ती केरळची, एरवी बोलायला बरी. त्या दिवशी आवाज थंड. "तुमच्या शिक्षकानं एका मुलीला फार वाईट वागणूक दिली आहे. आईनं तक्रार केलीय, पालकांच्या ग्रुपवर टाकलंय. आम्ही त्यांना आज घरी पाठवलं. तुम्ही ताबडतोब या." आजकाल काय काय ऐकायला येतं! चामराजपेटेतून रिक्षा केली, रहदारीत जीव नुसता टांगणीला. त्याला फोन लावला तर बंद.

ऑफिसात मुलीची आई बसली होती. जीन्स, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळे लाल. मुलगी बाहेर झोपाळ्यावर. मुख्य बाईनं इंग्रजीत ओळख करून दिली. आडनाव ऐकून मला काही उलगडलं नाही, कारण ते आडनाव हुबळीतही सापडतं आणि पुण्यातही. पण आई बोलता बोलता रागानं तिच्या भाषेत घसरली, आणि ती भाषा होती मराठी, अस्सल पुण्याची.

"आय अ‍ॅम सॉरी, पण हे टू मच आहे!" ती म्हणाली. "माझी मुलगी रोज सकाळी शाळेत जायचं नाही म्हणून रडते. काल शेवटी बोलली. सर रोज तिला एकटीला, सगळ्यांसमोर, हात करून 'हाड' म्हणतात. हाड! कुत्र्याला म्हणतात तसं! आमच्या पुण्याच्या सोसायटीत आजी कुत्र्यांना हाकलते ना, सेम तसा हात करून दाखवला तिनं."

क्षणभर मला समजलंच नाही. आणि मग समजलं तेव्हा, अय्यो देवा, मी कपाळावर हात मारून घेतला. हसू आलं आणि लगेच रडू आलं. "अगं बाई," मी म्हटलं, "हाड नाही गं, हाडु! कन्नडमध्ये हाडु म्हणजे गा. तो तिला गा म्हणत होता. रोज सगळ्यात आधी तिला गा म्हणत होता!"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ओ माय गॉड," म्हणाली, "काकू, खरंच?" वाईट बाई नव्हती. नवऱ्याची इकडं बदली झाली म्हणून आलेली, भाजीवाल्याशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी, कन्नड येणार कुठून. तिनं मुलीला आत बोलावलं. मी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, की बाळा, इकडच्या भाषेत असं असतं. ते पोर ऐकत राहिलं. मग मला विचारलं, "मग सरांनी 'गा' असं का नाही म्हटलं?"

शाळेचा नियम एवढ्याशा पोरीला काय सांगू? सरांना येत होतं गं, चांगलं येत होतं. तुझ्याइतकंच येत होतं.

आमच्या सीमेकडं हा विनोद शेंबड्या पोरालाही माहीत असतो. कन्नड मास्तर हाडु म्हणतो आणि मराठी पोरं हसतात. मी लहानपणी हसलेय, तोही हसला असणार. पण दोन भाषांत वाढलेल्या माणसाचं असं होतं, की एक भाषा चालू झाली की दुसरीचे कान मिटतात. पुण्याहून आलेल्या कुणालाही ते पहिल्या दिवशी ऐकू आलं असतं. आम्हा दोघांना, दोन्ही भाषा येणाऱ्या शहाण्यांना, तेवढं ऐकू आलं नाही.

मला वाटलं, चला, झालं, गैरसमज मिटला. आईनं तिथंच बसून ग्रुपवर लिहिलं, चूक आमची झाली, सरांचा काही दोष नाही, सॉरी. मी मुख्य बाईला म्हटलं, बोलवा त्याला उद्या. तर ती पेन फिरवत बसली. ग्रुपवर उत्तरं यायला लागली होती, तीच मला वाचून दाखवू लागली. कुणी हसणारी तोंडं टाकली. कुणी लिहिलं, गैरसमज असेल, पण मूल रोज रडत होतं ते शिक्षकाला दिसलं नाही का? कुणी लिहिलं, शिक्षक नीट प्रशिक्षित आहे ना? कुणी लिहिलं, तो मुलांच्या इतक्या जवळ जाऊन बसतोच का? एकदा तोंडाला लागलेला विषय, तो काय सुटतो! मुख्य बाई म्हणाली, "मॅडम, मला कळतंय. पण आम्ही सकाळीच पालकांना कळवलंय की ते पुन्हा येणार नाहीत. आता परत घेतलं तर प्रश्न येतील. आणि ते कायम तर नव्हतेच."

मी भांडले. माझा आवाज बाहेर झोपाळ्यापर्यंत गेला असेल. म्हटलं, ज्याला पोरांपुढं उभं राहायला येतं असा एक माणूस मला इतक्या वर्षांत मिळाला, आणि तुम्ही त्याला एका उकारासाठी काढता? ती मला "शांत व्हा, पाणी घ्या" म्हणत राहिली. आई म्हणाली, "काकू, मी बोलू का अजून कुणाशी?" पण बोलणार कुणाशी? संस्थेत गेले, तर तिथं म्हणाले, असल्या शाळा आपल्या हातातून जायला नकोत, दुसरं कुणी पाठवू. आणि पाठवलं, एका कीबोर्डवाल्याला. तोही डोळे मिटून सा लावायला सांगतो म्हणे. त्याच्याबद्दल कुणा पालकाची तक्रार नाही.

त्याच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेले. होसकोट्याला, दोन खोल्यांचं घर. त्याला एवढंच कळलं होतं की तक्रार झालीय, काय ते कुणी सांगितलं नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तोंड उतरलेलं. मी त्याला खाली बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून आधी हसेल. निदान सुटल्यासारखं तरी होईल. नोकरी गेली हे ऐकून भडकेल, त्याचीही तयारी ठेवली होती.

तो हसला नाही, भडकलाही नाही. नोकरीबद्दल विचारलंसुद्धा नाही. भिंतीला लावलेल्या तंबोऱ्याकडं तोंड करून म्हणाला, "ती मराठी होती?"

"होय रे."

"आणि मी रोज गुडघ्यावर बसून, हसून तिला हाड म्हणत होतो."

"अरे, गा म्हणत होतास!"

"तिला काय ऐकू आलं ते सांगा की अक्का. मी काय म्हटलं ते राहू दे."

मी पुष्कळ समजावलं. शब्दाचा खेळ आहे, तुझं मन साफ होतं, ते पोर आता विसरलंही असेल. काही उपयोग नाही. "हसून म्हणत होतो," एवढंच धरून बसला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. शेवटी मी चिडले, म्हटलं, एवढं मनाला लावून घेतोस, मग दुसरीकडं शिकव, मी शोधते. "सरी अक्का," म्हणाला. त्या 'सरी'वरूनच मला कळायला हवं होतं. सरी म्हणजे ठीक आहे, पण आमच्याकडं माणूस ते वाद संपवायला म्हणतो.

मी शोधलं. चामराजपेटेत आमच्या ओळखीच्या एका बाईची बालवाडी आहे, साधी, गल्लीतली, तिनं आनंदानं हो म्हटलं. तो एक दिवस आला. मुलं गोल करून बसली. तो मध्ये उभा राहिला, तोंड उघडलं आणि शब्द निघेना. काय म्हणू, कुठल्या भाषेत म्हणू, कुणाला काय ऐकू येईल, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मुलं वाट बघून बघून आपसांत खेळायला लागली. तो माझ्याजवळ येऊन "येतो अक्का" म्हणाला आणि गेला. पुढच्या महिन्यात कळलं, कारखान्यात परत गेलाय. त्यांनी घेतलं, पण नव्यानं, खालच्या कामावर, जिथं घरघर सगळ्यात जास्त.

संस्थेनं मला सांगितलं की नव्या तुकडीला भाषेबद्दल एक तास घ्या, असं पुन्हा घडायला नको. मी घेतला तो तास. सगळे मजेत ऐकत होते, पोट धरून हसले. त्यातल्या एका तबलजीला तर हसू आवरेना. मी त्यांना हसू दिलं, आणि तो माझा त्या माडीवरचा शेवटचा शनिवार. नंतर गेलेच नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. खरं म्हणजे आता कुणाला काय शिकवायचं तेच मला कळेनासं झालं होतं.

पुढल्या वर्षी त्याला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं तसा मला केवढा आनंद झाला! वाटलं, चला, आता हा माणसांत येईल. बाळासाठी झबली घेतली आणि गेले. गावाहून त्याची आई आली होती, शेजारच्या बायका जमल्या होत्या, कुणी कन्नड, कुणी तेलुगू, दोन-तीन आपल्या. पाळणा फुलांनी सजवलेला. घुगऱ्या झाल्या, ओटी भरली, बाळाला पाळण्यात घातलं. आता पाळणा म्हणायचा. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, पूर्ण कुणालाच येईना. त्याच्या आईनं सुरुवात केली, पण तिला दम लागला, दोन कडव्यांत थांबली. मग तीच हसून म्हणाली, "अगं, गवई बाप घरात असताना आपण कशाला कुथायचं? म्हण रे!"

सगळ्या त्याच्याकडं वळल्या. मीही म्हटलं, "म्हण की."

तो पुढं आला. पाळण्याची दोरी हातात घेतली, बाळाकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल. त्याचा गळा हललेला मला दिसला. मग त्यानं दोरी बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, "मोबाइलवर लावा कुणीतरी." एका शेजारणीनं शोधून लावला. आधी कसलीशी जाहिरात वाजली, मग पाळणा. बायका टाळ्या वाजवून साथ करायला लागल्या. बाळ झोपून गेलं.

मी त्याला बाहेर कट्ट्यावर गाठलं. राग आला होता मला, जीव तुटतही होता. म्हटलं, "चारचौघांत नाही तर नाही. पण घरात कुणी नसताना तरी तिला गाऊन दाखवतोस ना?"

"नाही अक्का."

"का रे? तुझी स्वतःची पोर आहे ती!"

"तिला अजून बोलता येत नाही," तो म्हणाला. "माझं गाणं तिला काय ऐकू येतंय, ते ती मला सांगणार कशी? त्या पोरीला तर बोलता येत होतं अक्का. तिनंही मला सांगितलं नाही."